मारोतीमामांची जीभ

साखर कारखान्यात उभा जन्म काढून सीझनभर साखरेचा कण तोंडात न घालणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे मारोतीमामा. बॉयलर पेटला की मामांचं गोड बंद व्हायचं, ते थेट उसाची शेवटची मोळी गव्हाणीत पडेपर्यंत. चहा बिनसाखरेचा, तोही निवलेला. तंबाखू नाही, पान नाही, हिरवी मिरचीसुद्धा नाही. हलवायाच्या दुकानात बसून उपास धरणारा माणूस, अशी त्यांची थट्टा व्हायची. मामा हसायचे नाहीत आणि चिडायचेही नाहीत. पंच्याने तोंड पुसून पुन्हा बॉयलरपुढे जाऊन उभे राहायचे.

कारखान्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव लिहिलं की त्यात माणसं कमी आणि संचालक जास्त दिसायला लागतात. जिल्हा हिंगोली, एवढं पुरे. मी नोकरीला लागले तेव्हा तर आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो. मी कुरुंद्याची. नांदेडला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागले. लॅबमध्ये मी एकटीच बाई, त्यामुळे पहिले काही महिने मला कुणी काम सांगत नव्हतं आणि चहा मात्र दिवसातून सहा वेळा विचारत होते. शेवटी चीफ केमिस्टनी मला पाण्याची तपासणी दिली, कारण ती कुणालाच नको होती.

पाण्याचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर मामा समजणार नाहीत. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते. ती वाफ उसाचा रस आटवायला जाते, तिथे थंड होऊन तिचं पुन्हा पाणी होतं, आणि ते गरम पाणी वाया न घालवता परत बॉयलरमध्ये घेतात. आम्ही त्याला परतीचं पाणी म्हणायचो. आटवायच्या भांड्यात रस आणि वाफ यांच्यामध्ये नळीची पातळ भिंत तेवढी असते. नळीला चीर गेली की रस पाण्यात उतरतो. साखरेचं पाणी बॉयलरमध्ये गेलं की साखर करपते, त्याचं आम्ल होतं आणि ते बॉयलरच्या नळ्या आतून खातं. अशी एखादी नळी फुटली तर समोर उभ्या असलेल्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही. म्हणून दर दोन तासांनी त्या पाण्याचा नमुना घ्यायचा, परीक्षानळीत औषधाचे दोन थेंब टाकायचे, कडेने तीव्र आम्ल सोडायचं आणि बघत राहायचं. साखर असली तर मध्यावर जांभळी कडी दिसते.

मामांना कडीबिडी काही लागत नव्हती. ते दर तासाला नळाखाली स्टीलचा पेला धरायचे, पाणी निवू द्यायचे, तोवर साध्या पाण्याने तीन चुळा भरायचे. मग एक घोट घेऊन डोळे मिटायचे. घोट तोंडात फिरवून थुंकला की म्हणायचे, "साफ." साफ नसलं तर काहीच म्हणायचे नाहीत, सरळ व्हॉल्व्हकडे चालू लागायचे. ते चालताना दिसले की आम्ही उठून त्यांच्यामागे पळत सुटायचो.

ही जीभ त्यांनी कारखान्यात कमावलेली नव्हती. मामा हट्टा गावाकडच्या एका लहानशा खेड्याचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. त्यांचे वडील कळप घेऊन आठ-आठ महिने रानोमाळ असायचे. रस्त्यात डबकं लागलं, ओढा लागला की कळप अडवून धरायचा आणि आधी वडिलांनी ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचं. खताचं पाणी, फवारणीचं पाणी, कुजकं पाणी, सगळं त्यांना जिभेवर कळायचं. आधी राखणाऱ्याने प्यायचं, मग कळपाने, ही त्यांच्या घरची रीत होती. मामा ती कारखान्यात घेऊन आले. बॉयलर अटेंडंटची फर्स्ट क्लासची परीक्षा त्यांनी तोंडी उत्तरं देऊन पास केली होती, आणि त्यांचा तो परवाना बॉयलर हाउसच्या भिंतीवर काचेत लावलेला होता.

मामांची दुसरी एक सवय होती. कुणी काही विचारलं की उत्तर देण्याआधी ते वर बघायचे, वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाकडे. काटा जागेवर आहे असं दिसलं की मग बोलायचे. घरीसुद्धा भाजी काय करू म्हटलं तरी भिंतीकडे बघून उत्तर देतात, असं मामी सांगायच्या. भिंतीवर तिथे कॅलेंडर होतं. "घरात काटा न्हाई तर माझ्याकडं तरी बघा," असं त्या म्हणायच्या आणि मामा पुन्हा कॅलेंडरकडे बघायचे.

माझ्या दुसऱ्याच सीझनला मी एक घोडचूक केली. सकाळच्या पाळीत मी नमुना तपासला, कडी आली नाही, वहीत साफ लिहिलं. दहा मिनिटांत मामा काही न बोलता व्हॉल्व्हकडे चालत गेले आणि परतीचं पाणी त्यांनी गटारात वळवलं. चीफ केमिस्ट बॉयलर हाउसकडे धावले आणि लॅबमध्ये मी एकटीच उरले. मी पुन्हा तपासलं, कडी नाहीच. मग लक्षात आलं की माझ्या बाटलीतलं औषध जुनं होऊन तपकिरी पडलं होतं. ते दर काही दिवसांनी ताजं करायचं असतं आणि मी आळसाने केलंच नव्हतं. ताजं औषध घेतलं तर गडद जांभळी कडी समोर उभी. रसाचा मोठाच लोंढा पाण्यात उतरत होता. नोकरी तर गेलीच, वर कुणाचा तरी जीव माझ्या हातून जाणार होता, असं मला वाटलं.

चीफ केमिस्टनी मामांना विचारलं की लॅबने कधी कळवलं. मामांनी वर काट्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दोघांचं बराबरच आलं, साहेब. ताईंनी सांगितलं अन् मी वळवलं." खोटं बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. संध्याकाळी मी त्यांना गाठलं. ते म्हणाले की बाटलीवर तारीख लिहीत जा. बस, एवढंच. पुढे तेरा-चौदा वर्षं मी बाटलीवर तारीख लिहीत आले.

त्यांच्या धाकट्या मुलीचा साखरपुडा ऐन जानेवारीत ठरला, गाळप जोरात असताना. वसमतचे पाहुणे, हळदीचा व्यापार असलेले, माणसं वजनदार. आम्ही लॅबचे चौघं गेलो होतो. मुलाकडच्यांनी रीतीप्रमाणे मुलीच्या वडिलांच्या तोंडात साखर घालायला हात पुढे केला आणि मामांनी तोंड बाजूला फिरवलं. मुलाचे वडील चिमूट हातात धरून तसेच उभे. मुलीच्या बापाला सोयरीक पसंत नाही की काय, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. मुलगी खाली मान घालून बसली होती. मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या की यांचं असंच आहे, सीझन आहे ना.

मामा उठून उभे राहिले आणि व्याह्यांपुढे हात जोडले. म्हणाले, "मला दोन वाजता पाळीवर जायचं हाय. आज साखर खाल्ली तर उद्यापर्यंत जीभ आंधळी. तिथं खाली आठ माणसं उभी असतात, त्यांनाबी लेकरं हायती." व्याह्यांनी ती चिमूट स्वतःच्या तोंडात टाकली. बाकीचा कार्यक्रम मजेत झाला. मुलगी मात्र मामा पाळीवर निघेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही, आणि मला तेव्हा तिचंच बरोबर वाटलं होतं.

दोन हजार सालानंतर लोडशेडिंगने आमच्या भागाचे हाल केले. आठ तास वीज, मग सहा, कधी तीही नाही. मोटार चालू करायला लोक वेळी-अवेळी वावरात जायचे, हळदीला पाणी मिळेना, गिरणीपुढे डब्यांची रांग. त्यातच घरोघरी टीव्ही आले आणि मागोमाग मोबाइल. कारखान्याच्या गेटवर वॉचमनच्या खोलीत लोक मोबाइल चार्जिंगला लावून जायचे, कारण आमचा टर्बाइन आमच्यापुरती वीज करत होता. मग सरकारचं धोरण आलं, कर्ज आलं, आणि कारखान्याने सहवीजनिर्मितीचा प्रकल्प घेतला. रस काढून उरलेलं चिपाड, ज्याला आम्ही बगॅस म्हणतो, ते जाळून मोठ्या दाबाची वाफ करायची, मोठा टर्बाइन फिरवायचा आणि जास्तीची वीज ग्रिडला विकायची. कोळसा नाही, डिझेल नाही. उसाच्याच चोथ्यावर गावं उजळणार, असं सभेत सांगितलं गेलं, आणि तेव्हा ते ऐकताना माझ्याही अंगावर काटा आला होता.

मामांच्या गावात याचा वेगळाच घोळ झाला. गावच्या पारावरून कारखान्याचे दिवे दिसायचे आणि गाव अंधारात. तुमच्या कारखान्यात लाइट तयार होणार, मग आमच्या गावाला काहून नाही, असं लोकांनी मामांना धरलं. मामांनी चीफ इंजिनिअरना विचारलं की आपली तार कुठल्या गावाला जाते. इंजिनिअरसाहेब भला माणूस, त्यांनी कागदावर रेघा काढून समजावलं. मामांनी ते गावात जाऊन आपल्या पद्धतीने सांगितलं, की गावजेवणाला घराघरातून पीठ येतं, एकदा परातीत पडलं की कुठली भाकर कुणाच्या पिठाची ते सांगता येत नाही. त्यावर पारावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं की मग आमच्या ताटात भाकरच का येत नाही. मामांनी हाही प्रश्न इंजिनिअरसाहेबांकडे आणून दिला. साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि पुढच्या मीटिंगला निघून गेले.

नव्या बॉयलरबरोबर नवी माणसं आली. कॉम्प्युटरचं पॅनेल, आयटीआय झालेली पोरं, एअर कंडिशन खोली. जुन्या बॉयलरवर चार अटेंडंट होते. तिघांना बगॅस यार्डात पाठवलं, ढिगावर पाणी मारायला. मामांना तेवढं ठेवलं, ते त्यांच्या जिभेसाठी. एमडी साहेबांनी पाहुण्यांना मामा दाखवायला सुरुवात केली होती, हा आमचा चालता-बोलता मीटर, म्हणून. मामांना ते आवडत नव्हतं, पण ते सोसत होते. त्यांना निवृत्तीला तीन सीझन उरले होते आणि त्यांची एकच इच्छा होती, ती त्यांनी मला आणि बऱ्याच जणांना बोलून दाखवली होती. बॉयलरवर लागलो, बॉयलरवरूनच घरी जायचं. यार्डात टाकलं तर तिथे आपण काय करणार, असं ते विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता उठून जायचे.

प्रकल्पाचं उद्घाटन ठरलं. सकाळी अकराला मोठे पाहुणे येणार, बटण दाबणार आणि वीज ग्रिडला जाणार. बॉयलर दोन दिवसांपासून पेटलेला होता. इंजिनिअरसाहेब दोन दिवस झोपले नव्हते, त्यांचे डोळे लाल झाले होते. मला नव्या प्रकल्पाच्या पाण्याची जबाबदारी मिळणार होती आणि त्या नेमणुकीचा कागद एमडींच्या टेबलावर सहीसाठी पडला होता.

साडेनऊला मी नमुना घेतला. कडी दिसली. अगदी फिकट, केसाएवढी, पण जांभळी. मी परीक्षानळ्या बदलल्या, शुद्ध पाण्याने धुतल्या, ताज्या बाटलीतलं औषध घेतलं आणि पुन्हा केलं. पुन्हा तीच कडी. मी वही घेऊन धावत पॅनेलच्या खोलीत गेले. इंजिनिअरसाहेबांना म्हटलं, परतीच्या पाण्यात साखर आहे, हे पाणी वळवा. ते म्हणाले की वळवलं तर बॉयलर सगळा शुद्ध पाण्याच्या टाकीवर येईल आणि ती अर्ध्या तासात रिकामी होईल, दुसरी टाकी अजून चालू झालेली नाही. "मग बंदच करावा लागेल," मी म्हणाले. खोलीत मामा होते, पॅनेलवरची दोन पोरं होती, सगळ्यांनी ऐकलं.

साहेब माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले की इथल्या हवेतच साखर उडते, कडी कशानेही येते, आणि मामांकडे वळले. म्हणाले, मामा, तुम्ही सांगाल ते खरं. बाहेर मांडवात माइकची टेस्टिंग चालू होती.

मामांनी पेला भरला. पाणी निवायला वेळ लागला. साहेबांनी दोनदा मनगटावरच्या घड्याळात बघितलं. मामांनी तीन चुळा भरल्या, घोट घेतला, डोळे मिटले, थुंकला. पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेतला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी साफ म्हटलं असतं तर मी वही मिटून लॅबमध्ये गेले असते, हे मी आज कबूल करते. सगळ्यांना तेच हवं होतं. आणि मामांची बॉयलरवरची जागा शेवटच्या दिवसापर्यंत पक्की झाली असती.

मामांनी डोळे उघडले. म्हणाले, "मला कायबी लागत न्हाई, साहेब."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला.

"म्हणूनच बंद करा," मामा म्हणाले. "जुन्या बॉयलरला जेवढं बाधायचं, तेवढं मला कळायचं. या बॉयलरला त्याहून लई थोडं बाधतं. तेवढं माझ्या जिभेला कळत न्हाई. ताईंच्या नळीला कळतं."

साहेब म्हणाले की पाहुणे गेटवर आले असतील, अर्धा तास चालू दे, बटण दाबून झालं की लगेच बंद करू. मामा वर बघत होते. नव्या खोलीत काट्याचं घड्याळ नव्हतं, पडद्यावर नुसते आकडे होते. ते आकडे त्यांना वाचता येत होते की नाही, मला माहीत नाही. ते म्हणाले की खाली माणसं उभी आहेत. मग ते बाहेर गेले आणि बगॅस सोडणारे फीडर त्यांनी स्वतःच्या हाताने एकामागून एक बंद केले. कुणी त्यांना अडवलं नाही. टर्बाइनचा आवाज खाली खाली येत गेला आणि थांबला. इतक्या वर्षांत सीझनमध्ये मी तिथे शांतता ऐकली नव्हती.

उद्घाटन झालं, ते चुकत नसतं. पाहुण्यांनी बटण दाबलं, टाळ्या पडल्या. बटणाला पलीकडे काहीच जोडलेलं नाही हे मांडवात पाचसहा जणांनाच माहीत होतं. लोडशेडिंग आता इतिहासजमा होणार, असं पाहुणे सांगत असताना बाहेरून येणारी वीज वेळापत्रकाप्रमाणे गेली आणि माइक बंद पडला. लोक हसले. एमडी साहेब हसले नाहीत.

संध्याकाळी आटवायचं भांडं उघडलं. दोन नळ्यांना चीर होती, नखाएवढी. साहेबांनी ती टॉर्चने मला दाखवली आणि निघून गेले.

तीन दिवसांनी एमडींच्या केबिनमध्ये आम्हाला बोलावलं. इंजिनिअरसाहेब, मामा आणि मी. मामा उभेच राहिले. एमडींचं म्हणणं असं, की निकाल बरोबर निघाला म्हणून शिस्त मोडायची मुभा मिळत नाही. लॅबने बंद करायला सांगितलं असेल तर अटेंडंटने बंद केलं हे नियमात बसतं. तसं नसेल, तर मग एका माणसाने, ज्याच्या जिभेवर पाणी साफ होतं, स्वतःच्या मनाने कारखाना बंद पाडला. ते माझ्याकडे वळले. विचारलं, "बाई, बॉयलर बंद करा असं तुम्ही म्हणालात का?"

टेबलावर कागदांच्या वर माझा नेमणुकीचा कागद होता. सही झालेली नव्हती. मला एवढंच म्हणायचं होतं, की हो, म्हणाले.

मी म्हणाले, "मी फक्त रिपोर्ट दिला, सर."

मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते वर भिंतीकडे बघत होते. त्यांना विचारलं की आता जिभेला कळत नाही हे तुम्हीच म्हणालात ना, तर ते व्हय म्हणाले. इंजिनिअरसाहेबांनी मान वर केली नाही. माझं 'बंदच करावा लागेल' त्यांनीही ऐकलं होतं. आठवड्याभरात मामांची बदली बगॅस यार्डात झाली आणि त्याच आठवड्यात माझ्या कागदावर सही झाली.

मामा घरी बसले नाहीत. यार्डात गेले आणि पाइप हातात घेतला. बगॅसचे ढीग दोन मजली घराएवढे असतात, आतून तापतात, कधी पेट घेतील सांगता येत नाही. तो चोथा जपला तर सीझन संपल्यावरही वीज करता येते. मामांच्या पाळीत यार्डाला एकदाही आग लागली नाही. पण आमचं बोलणं संपलं. बॉयलर हाउस यार्डापासून पन्नास पावलांवर होतं, मामांनी तिथे पाय ठेवला नाही. मी यार्डावरून जायचे तेव्हा ते ढिगाच्या मागे असायचे. योगायोग असेल, असं मी स्वतःला सांगत होते.

त्यांच्याबरोबर यार्डात असलेल्या जुन्या अटेंडंटने मला एकदा एक गोष्ट सांगितली. मामांच्या वडिलांनी एका वर्षी उन्हाळ्यात एका डबक्याचं पाणी चाखून कळप पाण्याला लावला. पाणी गोड होतं. सकाळपर्यंत मेंढरं मरून पडली. वडील पुढे कितीतरी दिवस जेवले नाहीत. मामा तेव्हा लहान होते आणि ते मेलेल्या मेंढरांजवळ दिवसभर बसून होते. जीभ खोटं बोलत नाही, पण जिभेला सगळंच कळतं असं नाही, हे वडिलांनी त्यांना त्या दिवशी सांगितलं होतं म्हणे. मामांनी हे मला कधी सांगितलं नाही. केबिनमध्येही सांगितलं नाही.

त्यांचा शेवटचा सीझन संपत आला होता. मार्चचं ऊन होतं. प्रकल्प जोरात चालला होता, वीज ग्रिडला जात होती, आणि गावांतलं लोडशेडिंग होतं तिथेच होतं. त्या दुपारी मी ठरवून यार्डात गेले. मामा ढिगाच्या पायथ्याशी पाइप धरून उभे होते. अंगावर चिपाडाची धूळ होती आणि भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मी आडवळणाने काही बोलू शकले नाही.

"मामा, एमडींपुढे मी खोटं बोलले. बंद करा असं मी म्हणाले होते."

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "मी तिथंच व्हतो ना."

"तुम्हाला राग आला असेल."

"आला व्हता. लई आला व्हता." त्यांनी पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून धार लांब फेकली. "दोन सीझन तुमच्या लॅबकडं पाठ करून जेवलो मी. माझं काय चुकलं, ते एकदा तरी ताई येऊन सांगन, असं वाटायचं. मंग तेबी वाटायचं बंद झालं."

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं, समजूत घातली नाही. धार एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेत राहिले. मी माफी मागितली, तेव्हा त्यांनी धार ढिगाच्या माथ्याकडे वळवली. वरून बगॅसचा पट्टा चालत होता आणि पलीकडे टर्बाइनची घरघर ऐकू येत होती. मी डोळे पुसून निघाले, तर त्यांनी मागून हाक मारली.

"ताई, आज पाणी कसं हाय?"

इतक्या वर्षांत मामांनी पाण्याबद्दल कुणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. ते सांगायचे आणि आम्ही ऐकायचो.

"साफ आहे, मामा."

"बराबर बघितलं?"

"दोनदा बघितलं."

त्यांनी मान हलवली. खाली बॉयलरपुढे पाळी बदलत होती, आत जाणाऱ्या माणसांकडे ते थोडा वेळ बघत राहिले, आणि मग पाइप ओढत ढिगाच्या पलीकडच्या बाजूला गेले.